मागच्या स्प्रिंगा आणि माझं शिलंगण

नागपुराहून रामटेकला रेल्वे जाते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचताना कोणालाही, मग रेल्वेनं का गेली नाहीस, हाच प्रश्न पडेल, आणि मला तर तो दीड वर्ष रोज पडत होता. कामठी घेते, कन्हान घेते आणि माझ्या माहेरच्या गावी नेऊन सोडते. बायकांचा डबा वेगळा असतो. पण आमच्या यजमानांनी मोटार घेतली होती, आणि ज्या घरात मोटार येते त्या घरातल्या पुरुषांना रेल्वे दिसेनाशी होते.

दुसऱ्या लढाईची वर्षं होती. पेट्रोल कुपनावर मिळे, साखर रांगेत मिळे. यजमान जिल्हा कोर्टात वकिली करत आणि धंतोलीत आमचं छोटंसं घर होतं. घरात आम्ही दोघं आणि यजमानांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. त्या लवकर विधवा झाल्या होत्या आणि आई गेल्यावर भावाला त्यांनीच वाढवलं होतं. कोर्टात जजापुढे बोलणारा हा माणूस घरी बहिणीपुढे गप्प बसत असे. मोटार जुनी होती, विलायतेला परत निघालेल्या कोणा साहेबाकडून घेतलेली. ती आल्यापासून यजमानांचे हात कधी धड स्वच्छ म्हणून दिसले नाहीत. कोर्टातून आले की काळा कोट खुंटीला आणि स्वतः मोटारीखाली. वकिली करतात की लोहारकी, असं शेजारी विचारत.

भांडण झालं ते या मोटारीच्या मागच्या स्प्रिंगांवरून. मला स्प्रिंग म्हणजे घड्याळातली माहीत होती. पण मोटारीच्या मागच्या दोन्ही चाकांवर लोखंडी पट्ट्या एकीखाली एक रचून जी कमान केलेली असते, तिलाही स्प्रिंगच म्हणतात म्हणे. गचके तिनं खायचे आणि आत बसलेल्यानं सुखात राहायचं, असा तो करार असतो. आमच्या मोटारीनं तो कधीच मोडला होता. एका कमानीची मुख्य पट्टी तुटलेली होती आणि यजमानांनी ती सुंभानं बांधून ठेवली होती.

तशा त्या मोटारीतून आम्ही रामटेकला गेलो आणि त्यांनी माझ्या बाबांना गावात फेरी मारायला नेलं. बाबांची तिकडे थोडी मालगुजारी होती, धानाची शेती होती आणि दारात दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी होती. तलावाच्या रस्त्यावर एक खड्डा आला, बाबा मागच्या बैठकीवरून उडाले आणि छताच्या दांडीला त्यांचं डोकं लागलं. टेंगूळ आलं. घरी येऊन उतरताना, सगळी गल्ली जमलेली असताना बाबा बोलून गेले, "याच्यापेक्षा माही दमणी बरी गा जावईबापू. बैल निदान खड्डा पाहून तं चालते."

गल्ली हसली. झालं. यजमान जेवले नाहीत. नागपुराला परत येताना वाटेत त्यांनी मला ऐकवलं की आता या दाराशी यायचं ते याच मोटारीतून, आणि म्हाताऱ्याच्या पोटातलं पाणी हलणार नाही अशी मोटार करूनच. तोवर आपल्या घरातून कोणी रामटेकला जायचं नाही. 'कोणी' म्हणजे मी, कारण दुसरं कोण जाणार होतं. तिकडे बाबांनीही सांगून टाकलं की जावई आल्याशिवाय ते नागपुराचं तोंड पाहणार नाहीत. टेंगूळ चार दिवसांत बसलं. पण दीड वर्ष माझं माहेर बंद झालं, ते एका खड्ड्यामुळे.

त्यात पावसाळ्याच्या शेवटी गावाकडच्या एका बाईबरोबर आईचा निरोप आला. आईच्या डोळ्यांत पडदा वाढत चालला होता. एक डोळा गेल्यातच जमा होता, दुसऱ्यानं उन्हात थोडं दिसे. डोळे आहेत तोवर एकदा पोरीचं तोंड पाहू द्या, एवढाच निरोप होता. मी तो यजमानांना सांगितला तेव्हा मला रडू आवरलं नाही. त्यांनाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ते म्हणाले, दसऱ्याला जाऊ, तोवर स्प्रिंगा बदलतो. मी म्हटलं, उद्याच्या गाडीनं मीच जाऊन येते. ते म्हणाले, आता इतके दिवस थांबलो तर थोड्याशासाठी शब्द का मोडायचा. माणसाचा शब्द म्हणजे काय काचेचं भांडं असतं की काय, कोण जाणे.

लढाईत मोटारीचं सामान मिळत नव्हतं. शेवटी कामठीच्या छावणीजवळच्या एका भंगारवाल्याकडे यांना दोन कमानी सापडल्या. त्या कोणत्यातरी लष्करी गाडीच्या होत्या, आमच्या मोटारीच्या मानानं जाडजूड. हे त्या कमानी टांग्यात घालून घेऊन आले तेव्हा इतके खूश होते की मला वाटलं, लुगडंच आणलं. नवरात्राच्या शेवटी शेवटी काम सुरू झालं. घरासमोरच्या आंब्याखाली मोटारीचा मागचा भाग जॅकनं उचलून विटांच्या थप्पीवर टेकवला. हात पोचावा म्हणून मागची बैठक काढून ओसरीवर आणून टाकली. तिच्यावर लगेच मांजर येऊन झोपलं, आणि त्या सगळ्या प्रकरणात सुख असं त्या मांजरालाच मिळालं.

जुन्या कमानी निघता निघेनात. बोल्ट गंजून एकजीव झाले होते. यजमान रॉकेल ओतत, हातोडीनं ठोकत आणि मला मधून मधून हाका मारत. मी चुलीवरचं टाकून यावं, कंदील धरावा, हे दे ते दे करावं आणि परत जाऊन करपलेली भाजी खाली उतरवावी. कंदील हलतोय म्हणून मलाच बोलणी. घरात पुरणाचा स्वयंपाक, घटापुढचा दिवा सांभाळायचा, त्यात अंगणात हा कारखाना.  पण प्रत्येक नट सुटला की मला वाटे, आई एवढी जवळ आली.

खंडेनवमीच्या सकाळी एक कमान बसली होती आणि दुसरी बसायची होती. हे अंघोळीला गेले आणि परत येऊन पाहतात तर हत्यारं नाहीत. पाने नाहीत, हातोडी नाही, पहार नाही, जॅकसुद्धा नाही. सगळी देवघरात होती. वन्संनी ती राखेनं घासून, पुसून पाटावर मांडली होती. त्यांच्यावर हळदकुंकू, झेंडूची फुलं, शेजारी विळी, अडकित्ता, यजमानांची कायद्याची पुस्तकं आणि दौत. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची आणि मग दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हे आमच्याकडे भोसल्यांच्या काळापासून चालत आलेलं. दरवर्षी पुस्तकं पूजेत गेली की यजमानांना वाचनातून सुटी मिळे, तेव्हा त्यांनी कधी तक्रार केली नव्हती.

या वर्षी केली. जॅक हे काही हत्यार नाही, असा मुद्दा त्यांनी मांडला. वन्सं वाती वळत होत्या. ज्यानं आपण काम करतो ते हत्यार, असं त्या म्हणाल्या, आणि ज्यानं मोटारीसारखी वस्तू उचलली जाते त्याला तर दोन फुलं जास्तच वाहायला पाहिजेत. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी वन्संकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे जॅकवर आणखी एक फूल ठेवलं.

मला त्या दिवशी वन्संचा इतका राग आला की सांगता सोय नाही. दसऱ्याला सकाळीच निघायचं ठरलं होतं. माझं गाठोडं बांधून तयार होतं, आईसाठी मऊ सुताचं लुगडं होतं, आणि मोटार विटांवर एका बाजूनं लंगडी उभी होती. दिवसभर यजमान तिच्याभोवती फेऱ्या मारत राहिले. नुसत्या हातानं बोल्ट फिरवून पाहिले, बोटं सोलून घेतली. मी मनात म्हटलं, या घरात देवाला, मोटारीला, शब्दाला, सगळ्यांना मान आहे.

दसऱ्याची पूजा आटोपून हत्यारं मोकळी व्हायला ऊन वर आलं. यजमान कुंकू लागलेली हातोडी घेऊन तसेच मोटारीखाली शिरले. त्यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते. आणि फाटकातून बाबा आत आले.

डोक्यावर पांढरं पागोटं, काखेत छत्री, हातात आपट्याची डहाळी. सकाळच्या रेल्वेनं आले होते. दीड वर्षात पहिल्यांदा. मला पाहिल्यावर त्यांचे डोळे भरले. मग त्यांनी हळूच सांगितलं की आईनं पाठवलं आहे, दुपारच्या गाडीनं पोरीला घेऊनच ये म्हणून. जावयाची वाट पाहून पाहून आईनं शेवटी त्यांनाच सुनावलं होतं, की तुमचं टेंगूळ मोठं का माझे डोळे.

मी गाठोडं आणायला आत वळणार तोच मोटारीखालून यजमानांचा हात बाहेर आला. ग्रीसनं काळा झालेला, तळवा वर केलेला. मीच उभी आहे असं समजून ते पाना मागत होते. बाबांनी क्षणभर त्या हाताकडे पाहिलं, मग वाकून डहाळीचं सोनं त्या तळहातावर ठेवलं.

"सोनं घ्या जावईबापू. झालं गेलं सोडून द्या."

 खालून डोकं आपटल्याचा आवाज आला. यजमान सरपटत बाहेर निघाले, कपाळाला टेंगूळ, आणि तसेच बाबांच्या पायांवर वाकले. बाबांनी त्यांना पोटाशी धरलं, पांढऱ्या अंगरख्याला काळं लागलं तरी सोडलं नाही. मी दारात उभी राहून रडत होते. माझ्या आयुष्यातला चांगला क्षण होता तो. पण तिथून पुढे सगळं बिघडलं.

कारण त्या दोघांची मैत्री झाली. बाबांनी पाट मागवला आणि मोटारीशेजारी बसून घेतलं. ही काय, ती काय, आस कुठला, वजन कुठे येतं. बाबांचा जन्म गाड्यांची चाकं दुरुस्त करून घेण्यात गेलेला, त्यामुळे त्यांना दर गोष्टीवर मत होतं. यजमान, जे कोणाचं ऐकत नाहीत, ते मान हलवून 'हो मामाजी' म्हणत होते. दुपारची गाडी जवळ आली तसं मी दोनदा आठवण करून दिली. दुसऱ्यांदा दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना पूजेतून उठवलं.

शेवटी कमान बसली. घोड्याच्या नालेसारखे वाकवलेले बोल्ट तिला आसाशी धरून ठेवतात, त्यांचे नट यजमान पान्याला लोंबकळून आवळायला लागले. बाबांनी त्यांचा हात धरला.

"इतकं नका आवळू. लोखंड असो का लाकूड, जरा ढील पाहिजेच. करकचून आवळलं का मोडते."

बैलगाडीपुरतं ते खरं असेल. मोटारीचे नट शक्तीनं आवळायचे असतात हे यजमानांना पक्कं ठाऊक होतं. मला कित्येकदा त्यांनीच ऐकवलं होतं. पण दीड वर्षानं सासरा दारी आला आहे, सोनं दिलं आहे, त्याचा शब्द कसा मोडायचा. त्यांनी पाना खाली ठेवला आणि नट अर्धा फेरा सैल केले. शब्द मोडायचे नाहीत हा आमच्या घरचा रोगच होता.

मोटार विटांवरून उतरवली तेव्हा तिचा मागचा भाग उंच आणि तोंड खाली, अशी ती उभी राहिली. जाड कमानी दबायलाच तयार नव्हत्या. दोघांनी लांब जाऊन, डोळे बारीक करून ते रूप पाहिलं आणि फार छान दिसते असं ठरवलं. मग यजमान म्हणाले, रेल्वे कशाला मामाजी, मीच सोडतो तुम्हाला, दाराशी. शिलंगणही होईल.

मी गाठोडं घेऊन मोटारीजवळ गेले. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की मागची बैठक ओसरीवर आहे. ती बसवायला आणखी वेळ जाणार, आणि उजेड असेतो पोचायला पाहिजे. पुढे तिघं बसू शकले असते, पण सासऱ्याच्या आणि जावयाच्या मध्ये बाईमाणसानं बसून गावातून जायचं, हे दोघांनाही कसंतरी वाटलं. शिवाय शिलंगणाला सीमा ओलांडायची ती पुरुषांनी. बायकांनी घरी थांबायचं आणि ते आले की ओवाळायचं.

"पुढच्या रविवारी नेतो तुला," यजमान म्हणाले. "स्प्रिंगाही तोवर बसतील."

मला वाटलं, बाबा तरी बोलतील. ते मला न्यायला आले होते. पण बाबा जावयाच्या शेजारी बसले होते, मांडीवर छत्री, तोंडावर समाधान. "येजो पोरी रविवारी," ते म्हणाले. मोटार फाटकातून निघाली, मागून उंच, आणि धूळ उडवत गेली. माझं गाठोडं माझ्या हातातच होतं.

मी ओसरीवर त्या काढून टाकलेल्या बैठकीवर, मांजराशेजारी बसले आणि मोठ्यानं रडले. लाज बाळगली नाही. इतका संताप मला पुन्हा कधी आला नाही. आईचा उरलेला डोळा काही पुढच्या रविवारची वाट पाहायला बांधलेला नव्हता.

वन्सं आतून आल्या. अंगणात पसरलेले पाने, हातोडी, जॅक एक एक करून उचलले, पदरानं पुसले आणि देवघराशी नेऊन ठेवले. त्या दोघांनी एकही हत्यार बरोबर नेलं नव्हतं. मग त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"रडत काहून बसली वं? दुपारची रेल्वे सुटन ना."

 यजमान रागावतील, मी म्हटलं. वन्संनी सांगितलं की भावाशी काय बोलायचं ते त्या बघून घेतील, त्याला वाढवलं त्यांनी आहे, मी नाही. मग त्यांनी माझाच कुंकवाचा करंडा माझ्यापुढे धरला, कारण विधवेनं सवाष्णीला कुंकू लावायचं नसतं. मी स्वतःच्या हातानं लावलं आणि त्यांच्या पाया पडले. कालपासून ज्या बाईला मनातल्या मनात बोल लावत होते, तिनं नाक्यावरचा टांगा हाक मारून आणला.

आयुष्यात पहिल्यांदा मी एकटी रेल्वेत बसले. भीती वाटत होती, आणि आपण काहीतरी चोरून नेत आहोत असंही वाटत होतं. कामठी गेली. कन्हानच्या पुलाच्या अलीकडे रस्ता दिसतो, तिथे मी सहज बाहेर पाहिलं. मोटार कडेला उभी होती. तोंड एकीकडे, मागची चाकं दुसरीकडे, आणि मागचा भाग अजून उंचच. यजमान तिच्याखाली वाकून बघत होते आणि बाबा एका दगडावर छत्री उघडून बसले होते. सैल नटांतून आस सरकला होता आणि आवळायला पाना नव्हता. मला आधी हसू आलं, मग उन्हात बसलेल्या बाबांची कीव आली, मग पुन्हा राग आला. तेवढ्यात पूल सुरू झाला.

घरी पोचले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. आई अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत होती, डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त. मी फाटकात थांबले. तिनं मान वर करून विचारलं, कोण आहे. माझा आवाज ऐकताच सूप बाजूला सारून उठली, माझा हात धरून मला उन्हात ओढत नेलं, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि आपल्या तोंडाशी इतकं जवळ आणलं की तिचा श्वास लागत होता. किती वेळ पाहत होती. कपाळ, नाक, हनुवटी, सगळीकडे तिचा तो एक डोळा फिरला.

"वाळली वं तू," ती म्हणाली. "दिसली मले. चांगली दिसली."

मग एकाएकी मला सोडून आत गेली आणि चाचपडत ताम्हण घेऊन आली. मी म्हटलं, आई, हे काय, बाबा यायचेत अजून. तिनं ऐकलं नाही. सीमा ओलांडून आलेल्याला ओवाळल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, एवढंच म्हणाली. मला दारात उभं करून तिनं निरांजन फिरवलं. ज्योत एकदा माझ्या पदराजवळून गेली, तिला अंदाज आला नाही. मी हलले नाही.

दोघं आले ते दिवेलागणीला, कन्हानकडच्या कोणाच्या तरी बैलगाडीत, वैरणीवर बसून. बाबांचं पागोटं धुळीनं लाल झालं होतं. आईनं ताम्हण माझ्या हातात दिलं आणि ती मागे सरकली. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि निरांजन वर केलं. त्या उजेडात यजमानांना मी दिसले.

 त्यांच्या कपाळावरचं टेंगूळ निळं पडलं होतं.

"तू कशी आली?"

"रेल्वेनं."

बाबांनी मान खाली घातली. मी दोघांना ओवाळलं, कुंकू लावलं आणि आत यायला वाट दिली.